एकत्र झालेला कचरा आणि वेगळा ठेवलेला कचरा

फळांच्या ओल्या साली, उरलेले अन्न, कालचे वर्तमानपत्र, एक काचेची बरणी आणि एक संपलेली बॅटरी या पाच वस्तू स्वतंत्रपणे पाहिल्या, तर त्यांतील एकही निरुपयोगी नाही. सालींचे आणि अन्नाचे खत होते, कागदाचा पुन्हा कागद होतो, बरणी वितळवून नवी बरणी करता येते आणि बॅटरीतील धातू काढून घेता येतात. याच पाच वस्तू एका पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधले की काही तासांत अन्नाचे पाणी कागदात मुरते, कागदाचा लगदा होऊन तो बरणीला चिकटतो, गाडीत बरणी फुटून तिचे तुकडे सालींमध्ये शिरतात आणि बॅटरीचे आवरण फुटले तर तिच्यातील विषारी द्रव्ये सगळ्यात उतरतात. आता या पिशवीतून काहीही परत मिळवायचे असेल तर माणसे, यंत्रे, वीज आणि पाणी खर्च करावे लागते, आणि एवढे करूनही जे मिळते ते आधीपेक्षा कमी दर्जाचे असते. शहराच्या कचरा व्यवस्थापनातील बऱ्याच अडचणी या मिसळण्यातून येतात, म्हणून ही व्यवस्था समजून घ्यायची तर सुरुवात घरातील डब्यापासूनच करावी लागते.

ही गोष्ट शहरांना नव्याने कळलेली नाही. पॅरिस ज्या प्रशासकीय विभागात येत असे त्याचे प्रमुख अधिकारी युजेन पुबेल यांनी १८८३ च्या अखेरीस एक आदेश काढून घरमालकांना रहिवाशांसाठी झाकणाचे डबे ठेवणे बंधनकारक केले. त्या आदेशात तीन डब्यांची कल्पना होती : एक कुजणाऱ्या पदार्थांसाठी, दुसरा कागद आणि चिंध्यांसाठी, तिसरा काच, फुटकी भांडी आणि शिंपल्यांसाठी. घरमालकांनी खर्चाची तक्रार केली आणि रस्त्यावरच्या कचऱ्यावर पोट भरणाऱ्या चिंधीवेच्यांनी आपला रोजगार जाईल म्हणून विरोध केला. डबा टिकला आणि फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही पुबेल यांच्याच नावाने ओळखतात. वर्गीकरण मात्र तेव्हा रुजले नाही. खर्च कोणी करायचा आणि कचऱ्यावर जगणाऱ्या माणसांचे काय करायचे, हे त्या वेळचे दोन्ही वाद आजही जवळजवळ प्रत्येक शहरात तसेच उभे आहेत.

जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१६ मध्ये जगातील शहरांनी आणि गावांनी मिळून सुमारे २०१ कोटी टन घनकचरा निर्माण केला, म्हणजे दर माणशी दररोज सरासरी पाऊण किलोच्या आसपास. याच गतीने २०५० पर्यंत हा आकडा ३४० कोटी टनांपर्यंत जाईल, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. एकूण कचऱ्यात सुमारे ४४ टक्के वाटा अन्नाचा आणि झाडपाल्याचा, म्हणजे ज्याला आपण ओला कचरा म्हणतो त्याचा आहे, आणि जवळपास एक तृतीयांश कचरा कोणत्याही प्रक्रियेविना उघड्यावर टाकला जातो. कमी उत्पन्नाच्या देशांत नगरपालिकांच्या अंदाजपत्रकाचा सुमारे पाचवा हिस्सा या एकाच कामावर खर्च होतो. त्यातही बराच पैसा केवळ गोळा करण्यात आणि वाहून नेण्यात संपतो, त्यामुळे पुढच्या प्रक्रियेसाठी फारसे काही उरत नाही.

संकलनाची रचना तशी समजायला सोपी आहे. छोट्या गाड्या गल्लीबोळांतून फिरून कचरा घेतात, तो हस्तांतरण केंद्रावर आणतात, तिथे दाबून मोठ्या वाहनांत भरला जातो आणि शहराबाहेरच्या प्रकल्पाकडे जातो. दाबल्यामुळे फेऱ्या कमी होतात, पण मिसळलेला कचरा दाबला की ओल्याचे पाणी सुक्यात उतरते आणि काच कागदात रुतून बसते, म्हणजे वाहतुकीत वाचलेला पैसा वर्गीकरणात खर्च होतो. म्हणूनच ओल्यासाठी आणि सुक्यासाठी वेगळे कप्पे असलेली किंवा वेगळ्या दिवशी येणारी गाडी हा वर्गीकरणाचा कणा आहे. लोकांनी घरात दोन डबे ठेवले आणि दारात आलेल्या गाडीने दोन्ही डबे एकाच पोटात रिकामे केले, तर लोक आठवड्याभरात दोन डबे ठेवणे सोडून देतात, आणि यात लोकांचा दोष आहे असे मला मुळीच वाटत नाही. याउलट इटलीतील मिलान शहराने २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने सर्व रहिवाशांकडून अन्नाचा कचरा वेगळा घेण्यास सुरुवात केली, तेव्हा घरोघरी हवा खेळती राहील अशी जाळीदार छोटी टोपली आणि कुजणाऱ्या पिशव्या दिल्या. टोपलीतून हवा खेळल्याने कचऱ्यातील ओल उडून जाते आणि वास कमी येतो. दाट वस्तीच्या इमारतींत लोकांची सर्वांत मोठी तक्रार वासाचीच असते, हे त्या योजनेने आधीच लक्षात घेतले होते.

ओला कचरा हा संपूर्ण व्यवस्थेचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि तरीही त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी असते. हवा मिळाली तर जिवाणू आणि बुरशी त्याचे खत करतात. हवा मिळाली नाही तर वेगळ्याच जातीचे जिवाणू त्याच्यापासून मिथेन वायू तयार करतात. मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट उष्णता अडवून धरणारा वायू आहे. म्हणजे तेच अन्न मोकळ्या हवेत कुजले तर माती सुपीक होते आणि ढिगाखाली दडपले गेले तर हवामानाला घातक ठरते.

खताच्या प्रकल्पात जे घडते ते नशिबावर सोडलेले नसते. कुजणाऱ्या ढिगात नत्राच्या एका भागाला कार्बनचे सुमारे २५ ते ३० भाग असावे लागतात. अन्नात नत्र जास्त असते, म्हणून त्यात वाळलेली पाने, लाकडाचा भुसा किंवा काटक्यांचे तुकडे मिसळतात. त्यांच्यामुळे कार्बन वाढतो आणि ढिगात हवेला वाटही मिळते. ओलावा मूठ घट्ट आवळल्यावर एखाद-दुसरा थेंब पडेल इतका हवा. सगळे जमले की जिवाणूंच्या कामानेच ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर चढते, आणि ते काही दिवस तसे राहिले की बहुतेक रोगजंतू आणि तणांचे बी मरते. या काळात ढीग उलटला की आतून दाट वाफ निघते आणि तळहात आत खुपसून ठेवता येत नाही. काही आठवड्यांनी ढीग निवतो आणि पुढे काही आठवडे मुरल्यावर त्याला पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास येऊ लागतो. पण या ढिगात काचेचे तुकडे आणि प्लास्टिकचे कपटे असतील तर ते खत कोणताही शेतकरी आपल्या जमिनीत घालणार नाही, आणि घालूही नये. दुसरा मार्ग बंद टाकीत हवेविना कुजवण्याचा आहे. तिथे मिथेन मुद्दाम तयार करून पकडला जातो, जाळून वीज किंवा उष्णता मिळवली जाते आणि उरलेला रबडा खतासाठी वापरला जातो. या टाकीलाही शुद्ध ओला कचराच लागतो, कारण प्लास्टिकच्या पट्ट्या ढवळणीला गुंडाळल्या गेल्या की संयंत्र थांबवून माणसांना आत उतरावे लागते.

सुक्या कचऱ्याचा प्रवास याहून गुंतागुंतीचा आहे. वर्गीकरण केंद्रात तो आधी एका सरकत्या पट्ट्यावर पडतो, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले कामगार यंत्रांना चालणार नाहीत अशा वस्तू हाताने काढतात : दोऱ्या, कपडे, लोखंडी सळया, वापरलेल्या सुया. पुढे भोके असलेले एक प्रचंड पिंप सावकाश फिरत असते, त्यातून बारीक कचरा खाली गळतो. मग चुंबक लोखंड उचलतो. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, म्हणून वेगाने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने त्याच्यात विद्युतप्रवाह निर्माण केला जातो आणि डबा पट्ट्याच्या टोकावरून उडी मारल्यासारखा पलीकडच्या पेटीत पडतो. प्लास्टिकच्या जाती ओळखण्यासाठी त्यांच्यावर अवरक्त प्रकाश टाकतात. प्रत्येक जात तो प्रकाश वेगळ्या रीतीने परतवते आणि ओळख पटताच हवेचा झोत ती वस्तू योग्य खणात ढकलतो. काळा रंग देण्यासाठी काजळी घातलेले प्लास्टिक हा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे ते यंत्राला दिसतच नाही आणि पुनर्वापराला योग्य असूनही टाकाऊ मालात जाते. डब्याचा रंग ठरवणाऱ्याला हे माहीत असते तर त्याने कदाचित वेगळा रंग निवडला असता.

पाण्याच्या एका साध्या बाटलीकडे जवळून पाहिले तर ही अडचण आणखी स्पष्ट होते. बाटली पेट या प्लास्टिकची, झाकण पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिइथिलीनचे, भोवतीचे वेष्टन बहुधा तिसऱ्याच जातीचे आणि वर चिकटवण्यासाठी गोंद. ही सगळी एकत्र दळून तुकडे पाण्यात टाकले की पेट पाण्याहून जड असल्याने बुडते आणि झाकणाचे तुकडे तरंगतात, म्हणून झाकण बाटलीला लागलेले असले तरी चालते. वेष्टन पीव्हीसी या जातीच्या प्लास्टिकचे असेल तर मात्र तेही पेटबरोबर बुडते, आणि वितळवताना त्याचा अगदी थोडा अंशसुद्धा एका वेळी वितळवलेले सगळे प्लास्टिक पिवळे आणि ठिसूळ करतो. काचेच्या बाबतीत हेच काम चिनी मातीचा तुकडा करतो. तो भट्टीत वितळत नाही आणि नव्या बाटलीत खडा होऊन बसतो. कागदाचे तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतात, त्यामुळे साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांचा कागद बनत नाही. धातूंचे मात्र तसे नाही. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून नवे तयार करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते आणि तत्त्वतः ही फेरी कितीही वेळा करता येते. म्हणून ‘रीसायकल होते’ हे एकच विशेषण या सर्व पदार्थांना लावणे मला दिशाभूल करणारे वाटते. २०१५ पर्यंत जगात जितका प्लास्टिक कचरा झाला त्यापैकी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास पुनर्चक्रणात गेला, असा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

पुनर्चक्रण शेवटी बाजारावर चालते, हेही सांगितले पाहिजे. वर्गीकरण केंद्रातून निघालेले गठ्ठे कोणीतरी विकत घ्यावे लागतात. अनेक वर्षे श्रीमंत देशांतील शहरे आपला मिश्र कागद आणि प्लास्टिक चीनला पाठवत होती. २०१८ च्या सुरुवातीला चीनने अनेक प्रकारच्या अशा मालाची आयात बंद केली आणि उरलेल्या प्रकारांसाठी भेसळीची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली. ती मर्यादा बहुतेक केंद्रांना गाठता आली नाही, गठ्ठे गोदामांत साचले, काही शहरांनी ते जाळले किंवा पुरले, आणि बराच माल आग्नेय आशियातील देशांकडे वळला. त्यानंतर घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या बाझेल या आंतरराष्ट्रीय करारात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन २०२१ पासून अस्वच्छ मिश्र प्लास्टिक पाठवण्यापूर्वी घेणाऱ्या देशाची संमती आवश्यक झाली. या घटनाक्रमातून एक गोष्ट उघड झाली : ज्या शहरांच्या आकडेवारीत पुनर्चक्रणाचे प्रमाण मोठे दिसत होते, त्यांपैकी काहींनी आपला कचरा फक्त नजरेआड केलेला होता.

ही सगळी यंत्रे नसलेल्या असंख्य शहरांत हे काम माणसे करतात. कचरावेचक पहाटे निघून डबे, रस्ते आणि ढीग चाळतात, जातवार माल वेगळा करतात आणि भंगाराच्या व्यापाऱ्याला विकतात. कोणते प्लास्टिक कोणत्या जातीचे, हे त्यांना हातात घेतल्यावर त्याच्या आवाजावरून आणि लवचिकतेवरून कळते. शहराचा वाहतुकीचा आणि कचरा पुरण्याचा खर्च ते वाचवतात, पण त्याबद्दल शहर त्यांना सहसा काहीच देत नाही. त्यांना मिळते ती फक्त भंगाराची किंमत, आणि बाजार पडला की तीही घसरते. कोलंबियातील बोगोटा शहरात कचरावेचकांच्या संघटनेने दीर्घ न्यायालयीन लढा दिला आणि २०१३ पासून शहराने त्यांना गोळा केलेल्या मालाच्या वजनानुसार सेवेचा मोबदला देण्यास सुरुवात केली. नवीन प्रकल्प उभारताना या माणसांना बाहेर काढून कंत्राट दुसऱ्याला देणे हा अन्याय आहेच, शिवाय वर्षानुवर्षांचे कसब फुकट घालवणे आहे.

कचरा जाळून वीज करण्याबद्दल पुष्कळ बोलले जाते, म्हणून थोडक्यात. चांगल्या भट्टीत कचऱ्याचे आकारमान सुमारे ९० टक्क्यांनी घटते, वजनाच्या साधारण चौथा हिस्सा राख उरते आणि धुरातील विषारी घटक गाळण्यासाठी खर्चिक यंत्रणा लागते. गाळलेली बारीक राख धोकादायक कचरा म्हणून वेगळी सांभाळावी लागते. ओला कचरा मिसळलेला असेल तर उष्णतेचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यातच जातो, आणि अशा प्रकल्पांना कधी कधी बाहेरून इंधन घालावे लागते. शिवाय भट्टीचे कर्ज फेडायचे तर तिला दशकानुदशके ठरावीक टन कचरा पुरवावा लागतो, त्यामुळे कचरा कमी करणे हे शहराच्याच आर्थिक हिताविरुद्ध जाऊ लागते. स्वीडनमध्ये भट्ट्यांची क्षमता देशातील कचऱ्यापेक्षा वाढली आणि त्यांना बाहेरच्या देशांतून कचरा आणावा लागला.

या सगळ्यातून जे उरते ते जमिनीत जाते. उघडी कचराभूमी आणि शास्त्रीय भरावभूमी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शास्त्रीय भरावभूमीत खड्ड्याच्या तळाशी दाबलेल्या चिकणमातीचा थर, त्यावर दीड-दोन मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर आणि त्यावर खडीत पुरलेल्या छिद्रांच्या नळ्या असतात. कचऱ्यातून झिरपणारे पाणी गडद तपकिरी असते. त्यात आम्ले, अमोनिया आणि विरघळलेले धातू असतात. नळ्या हे पाणी गोळा करून शुद्धीकरणाकडे नेतात. दररोज संध्याकाळी त्या दिवसाच्या कचऱ्यावर मातीचा थर पसरतात, म्हणजे माश्या, उंदीर आणि आगी आटोक्यात राहतात. आतील वायूसाठी उभ्या विहिरी खोदतात, आणि बाहेर येणारा वायू, ज्यात साधारण निम्मा मिथेन असतो, तो जाळून टाकतात किंवा वापरतात. भरावभूमी बंद झाली तरी तिची जबाबदारी संपत नाही. अमेरिकेच्या नियमांत बंद केल्यानंतर साधारण ३० वर्षे देखरेख अपेक्षित आहे. न्यूयॉर्कची फ्रेश किल्स ही भरावभूमी १९४८ मध्ये तात्पुरती म्हणून सुरू झाली, ती अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालली आणि तिचे उद्यानात रूपांतर करण्याचे काम अनेक वर्षे सुरू आहे.

उघड्या ढिगात यातले काहीच नसते. पावसाचे पाणी आत मुरते, ढीग जड आणि निसरडा होतो, आतून वायू दाब देत असतो. २००० च्या जुलैमध्ये फिलिपिन्समधील पायातास येथे असा ढीग वस्तीवर कोसळून दोनशेहून अधिक माणसे मेली. २००५ च्या २१ फेब्रुवारीला इंडोनेशियातील बांडुंगजवळ मुसळधार पावसानंतर लेउविगाजाह येथील ढीग घसरला आणि १४० हून अधिक माणसे त्याखाली गाडली गेली. मेलेल्यांत कचरा वेचून जगणारी कुटुंबे होती. इंडोनेशिया तो दिवस दरवर्षी राष्ट्रीय कचरा जागृती दिन म्हणून पाळतो.

इथपर्यंत सांगितलेले सारे कचरा झाल्यानंतरचे आहे. तो कमी व्हावा म्हणून शहराच्या हाती असलेले सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे आकारणीची पद्धत. कचऱ्याचा कर मालमत्ताकरात दडलेला असतो, तेव्हा एक पिशवी टाकणारे घर आणि दहा पिशव्या टाकणारे घर सारखेच पैसे भरते. दक्षिण कोरियाने १९९५ मध्ये ठरावीक पिशव्या विकत घेऊन त्यांतच कचरा टाकण्याचा नियम केला, २००५ मध्ये अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरण्यास बंदी घातली आणि २०१३ पासून अन्नाच्या कचऱ्यावर प्रमाणानुसार शुल्क लावले. अनेक इमारतींत आता असे डबे आहेत की कार्ड दाखवल्यावर झाकण उघडते, टाकलेल्या अन्नाचे वजन होते आणि ते त्या घराच्या खात्यावर नोंदले जाते. आपण किती अन्न फेकतो, हे कित्येक घरांना अशा वजनामुळेच पहिल्यांदा कळते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यापैकी सुमारे ६० टक्के घरांतून.

दुसरे साधन वस्तू बनवणाऱ्यांकडे बोट दाखवते. १९९० मध्ये स्वीडनचे थॉमस लिंडक्विस्ट यांनी अशी कल्पना मांडली की वस्तू टाकाऊ झाल्यावर तिच्या विल्हेवाटीची जबाबदारीही उत्पादकाची असावी. जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टनांसाठी तसा कायदा केला, आणि २००३ पासून एकदाच वापरण्याच्या बाटल्यांवर अनामत रक्कम ठेवली. बाटली परत केली की २५ सेंट परत मिळतात, म्हणून जवळजवळ सगळ्या बाटल्या परत येतात, आणि त्या स्वच्छ व एकाच जातीच्या असतात, कारण त्या कधी मिसळल्याच गेल्या नाहीत.

जपानमधील कामिकात्सु हे दीड हजारांहून कमी वस्तीचे डोंगरी गाव या सगळ्याच्या टोकाला गेले आहे. २००३ मध्ये त्याने २०२० पर्यंत कचरा जाळणे आणि पुरणे पूर्ण थांबवण्याचा संकल्प केला. तिथे कचरागाडी नाही. लोक ओला कचरा घरी कुजवतात आणि बाकीचा धुऊन, वाळवून स्वतः केंद्रावर आणतात व चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात. या मार्गाने गाव सुमारे ८० टक्के कचऱ्याच्या पुनर्चक्रणापर्यंत पोहोचले आणि तिथे अडले. उरलेल्या पाचव्या हिश्शात डायपर, सॅनिटरी पॅड, रबर आणि पीव्हीसीच्या वस्तू, अनेक पदार्थ एकत्र चिकटवून केलेल्या चपला-बूट अशा गोष्टी आहेत. गावकऱ्यांनी त्या कितीही काळजीपूर्वक वेगळ्या ठेवल्या तरी त्यांचे पुढे काही करता येत नाही, कारण त्या कारखान्यातच मिसळून आलेल्या असतात; त्यांची घडण बदलणे गावाच्या हातात नाही, ते वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांच्या आणि त्यांच्यासाठी नियम करणाऱ्या सरकारच्या हातात आहे.